बाबाची गॅसची गोळी

प्रिय नीलिमा, जयभीम.

शंकर नगरचा डॉक्टर म्हणते पाय कापा, समता कॉलोनीवाला म्हणते थांबा, अन् दोघंही माझ्याच तोंडाकडे पाहते, जशी मीच डॉक्टरकी शिकून आली. तुझ्या बाबाच्या पायात बुरशी आहे म्हणे. बुरशी लोणच्याले लागते, भाकरीले लागते. जित्या माणसाच्या मांसात कशी जाते, हे मले कोणी सांगत नाही. रेल्वेत होते तवा रुळावर काटा रुतला होता, तो काटा काढून जमाना झाला. आता पाय सुजून टंच, त्याले भोकं, अन् भोकातून मोहरीसारखे काळे दाणे निघते. पाहवत नाही, पण धुवाले मीच.

बुरशीची कॅप्सूल उन्हाळ्यापासून चालू आहे. जेवण झालं की मीच हातावर ठेवते. तरी गाठ वाढूनच राहिली. शंकर नगरवाला म्हणे, औषध लागून नाही राहिलं, शनिवारी भरती करा, पायाचा समोरचा भाग काढू. मी तिथून उठली अन् समता कॉलोनीत गेली. त्यानं सारी औषधं टेबलावर ओताले लावली, गोळ्याइचा एक पत्ता उचलला अन् विचारलं, हे कोण देते? गॅसची गोळी होती. म्हणे कॅप्सूल पोटातल्या आंबटानंच विरघळते, तुम्ही आंबटच मारून टाकता, मग औषध अंगी लागन कसं? ही बंद करा, मग पाहू. एक गोळी दुसरीले खाते, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. खरं आहे का? तू मेडिकलवर कामाले लागली तवापासून तूच सांगते ना, भारी औषधासंगं सगळ्याइले गॅसची देतेत म्हणून.

डॉक्टरले मी सांगतलं, गोल बाजारातून मीच आणली, माझ्या मनानं. त्यानं मले लई सुनावलं.

खरं तं तो गोळ्याइचा पत्ता तू पाठवलेला होता. बाबा कॅप्सूलले तोंड वाकडं करते, पण सकाळी उठल्याबरोबर ती गोळी पहिले घेते. म्हणते, "माह्या पोरीनं पाठवली." मी लपवली तं पेटी उपसून काढली. माझं ऐकत नाही, अन् खरं कारण मी त्यायले सांगणार नाही. फोन त्यायच्याच खिशात असते, म्हणून विमलामावशीच्या हाती चिठ्ठी देऊन राहिली. रडत बसू नको. कोणा शिकलेल्याले विचार, अन् डॉक्टरचं खरं असन तं बाबाले फोन करून सांग, ती गोळी कंपनीनंच बंद केली. बदल्यात लिमलेटच्या गोळ्या पाठव, काहीही पाठव, पण तुझ्या हातचं पाठव. शुक्रवारी मले शंकर नगरच्या दवाखान्यात पाय कापाले हो की नाही सांगायचं आहे. गुरुवारी सांजपर्यंत बाबाले तुझा फोन पाहिजे, तो आला तं मी नाही म्हणन.

तुझीच,
आई