आत्याची मापाची वही

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या मामेभावाचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतो, प्रत्यक्ष घालायला कंबर वाकत नाही. का वाकत नाही, तेच पुढे येतंय.) तुझा खोकला थांबला का? भावजी पथ्य पाळतात, की अजून फडताळामागे डबा लपवतात? फोनच करणार होतो, पण तुझं हसणं मला आत्ता सोसवणार नाही.

पुढच्या महिन्यात मी येते, तोवर आईच्या (म्हणजे माझ्या आत्याच्या) नव्या कॉम्प्युटरला कुणीही हात लावू नका, असं तू बजावलं होतंस. ‘कुणीही’ म्हणजे मी, हे न कळण्याइतका मी काही हा नाही. पण करू काय? गुडघ्यापायी शिवणाचं दुकान बंद केल्यापासून आठ महिने आत्याने कुणाला कात्री धरायला शिकवलेलं नाही. आता सहा जणी घरबसल्या पडद्यावर शिकायला तयार झाल्या आणि शुक्रवारी चारची वेळ ठरवून मोकळ्या झाल्या. पहिल्याच दिवशी बाईच उगवल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी कोण येणार, या धास्तीने आत्या सकाळी धड जेवलीही नाही. मला ते बघवेना. म्हटलं, आत्या, मी आहे ना! (ऑफिसातल्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा ओढून काढला, तेव्हापासून आपल्या घराण्यात मी तज्ज्ञ. तो कागद अर्धा अजून आतच आहे.)

अकरा वाजता खोकं फोडलं. आत्याने सगळं नीट न्याहाळून विचारलं, की याचं पेडल कुठाय? मी इतका हसलो म्हणतेस! मग कॉम्प्युटर शिलाई मशीनशेजारी मांडला, टेबलाखाली शिरून वायर जोडली आणि बटण दाबलं. ढिम्म. पंचवीस वेळा दाबलं, तरी ढिम्म. दुकानदाराला फोन करून, मेलेला माल गळ्यात मारता का, म्हणून चांगलं झापलं. तो बिचारा म्हणाला, वायर बघा. पुन्हा खाली शिरलो आणि कशावर तरी गुडघा टेकला. तर वर शिलाई मशीन भरधाव सुटलं! एक हात आधाराला वर मशीनवर होता. त्या बाहीला तीन टाके पडले. म्हणजे मी वीज दिली होती ती मशीनला. आणि पेडल होतं, ताई. माझ्याच गुडघ्याखाली होतं.

आत्याने मला उसवून काढलं, तोवर कंबर धरली होती. (टाके मात्र सरळ आले, असंही म्हणाली.) वायर बदलल्यावर पडदा उजळला आणि माझी मान पुन्हा ताठ झाली. पासवर्डवर मी तिला अर्धा तास व्याख्यान दिलं: तो अवघड हवा, आणि कुठेही लिहायचा नाही म्हणजे नाही! मग असा काही अवघड पासवर्ड ठेवला, की चहा पिऊन परत येतो तो माझा मलाच आठवेना. पावणेतीन, सव्वातीन, साडेतीन. आत्या समोर खडूचा तुकडा मुठीत धरून बसली होती. हळूच म्हणाली, जाऊ दे रे, माझं शिकवणं संपलंच होतं तसं. ताई, त्या क्षणी मला स्वतःच्या श्रीमुखात भडकवावीशी वाटली.

तोवर कॉम्प्युटरच बिघडलाय म्हणत होतो, आता पासवर्ड विसरल्याचं कबूल केलं. तशी ती उठली, मापाची वही घेऊन आली आणि माझ्या नावाचं पान काढलं. तिथे पासवर्ड, अक्षर न् अक्षर! मी बटणं दाबताना पुटपुटत होतो म्हणे. गिऱ्हाईक तोंडाने बोललं की लिहून घ्यायचं, नंतर ते हमखास विसरतं, ही तिची चाळीस वर्षांची सवय. चारला पाच मिनिटं असताना सहाही चेहरे पडद्यावर आले. आत्याने पहिल्याच वाक्यात एकीला झापलं, आणि मी कोपऱ्यात बसून चक्क डोळे पुसले.

भावजींना नमस्कार.

तुझा तज्ज्ञ भाऊ

ता. क. हे सगळं मी तुला सांगितल्याचं आत्याला सांगू नकोस. तिने तुला आधीच सांगितलं असेल, तर बाहीचं तेवढं खोटं आहे.

ता. क. २. पत्र हाताने लिहिलंय याचं नवल वाटलं असेल. त्याच दिवशी घरी येऊन मी माझ्या कॉम्प्युटरलाही तोच पासवर्ड ठेवला. दोन्हीकडे एकच, म्हणजे विसरायचा प्रश्नच नाही. आज चौथा दिवस, कॉम्प्युटर बंद आहे. आत्याला विचारायला तोंड नाही. तेव्हा तू आपलं सहज म्हणून तिच्याकडून माझं पान वाचून घे. पासवर्ड कमरेच्या मापाखाली आहे. टेबलाखालून मी निघालो तेव्हा आत्याने ते माप खोडून नवं लिहिलं. पासवर्ड तेवढा कळव. माप कळवू नकोस.