नंबर नसलेली वायर

दि. ३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तोंडी सूचनेवर वायर हलवायची नाही हा तुमचा जन्माचा नियम, म्हणून फोन न करता लेखी विचारते.

साबणाच्या कारखान्यातलं तुमच्या हातचं जुनं कंट्रोल पॅनेल काढून नवं बसवायचं काम साहेबांनी मला एकटीला दिलंय. पहिल्यांदाच मी कुणाच्या हाताखाली नाही. दार उघडलं तर आत साक्षात तुम्ही! वेणी घातल्यासारख्या बांधलेल्या वायरी, सगळी वळणं एका मापाची, प्रत्येक टोकाला नंबर. आता आतून आवाज येईल की आधी हात पूस, असं वाटलं. मनातून फार ऐट आली.

एकच भानगड आहे. डाव्या कोपऱ्यातल्या एका पांढऱ्या वायरीला नंबर नाही आणि ती वायरिंगच्या नकाशातही नाही. ती एका बारक्या बटणापासून निघून थेट पॅकिंग खात्यात, तिसऱ्या टेबलावरच्या हिरव्या दिव्याला जाते. माझ्या शाळेच्या डब्याच्या झाकणालाही नंबर लावणारे तुम्ही, तुम्ही ही अशी कशी सोडलीत? प्रत्येक वायरीचं नाव आणि काम नकाशावर आल्याशिवाय इथल्या मॅनेजरबाई सही करणार नाहीत.

आईला सांगा, तिच्या पॅकिंग खात्याला आता पिवळा रंग दिलाय. माया आणि माहिती दोन्ही लवकर पाठवा.

तुमची,
ठिणगी

*

दि. ७ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. काम एकटीला मिळालं हे वाचून बरं वाटलं. स्क्रू आवळल्यावर वायर एकदा ओढून बघायची, विसरू नको. आणि हात खरंच पूस.

त्या वायरीचं एवढं काही नाही. आहे तशी नव्या पॅनेलला जोड, नकाशात ‘सहायक सूचक दिवा’ लिही आणि पुढे हो. फार खोलात जाऊ नये.

घरी क्षेम. सगळ्या स्विचांना मी नंबर लावले, तुझ्या आईने फ्रिजचा काढून टाकला. पॅनेलचं दार लावण्याआधी दुसऱ्याची नजर फिरली पाहिजे, त्या शिस्तीने हे पत्रही तिच्याकडून तपासून मगच बंद होईल.

सुखात राहा, सावध राहा.

तुझे बाबा

तपासलं. वायरीचा विषय काढला की ह्यांचे कान लाल होतात, का ते कळत नाही. माझा गुडघा बरा आहे. — आई

*

दि. ११ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

‘सहायक सूचक’ म्हणजे काय सुचवतो, असं मॅनेजरबाईंनी विचारलं.

मग मीच चौकशी केली. मशीनवरचा माणूस रोज चहाच्या सुट्टीआधी ते बटण दाबतो. का, तर त्याच्या आधीचा दाबायचा. तिकडे दिवा लागला की पॅकिंगच्या बायका सगळ्या पेट्यांचं पुन्हा वजन करतात आणि मग उशिरा चहाला जातात. का, तर पूर्वी तिसऱ्या टेबलावर एक फार कडक मुलगी होती, तिने घालून दिलेली पद्धत आहे म्हणे. हुकूम कुणाचा, हे कुणालाच ठाऊक नाही. वायर काढते म्हटल्यावर बायका माझ्या अंगावर धावून आल्या.

बाबा, थट्टा पुरे. येत्या आठ-दहा दिवसांत सही झाली नाही तर साहेब सीनियरला पाठवणार आणि पॅनेलच्या दारावर माझ्याऐवजी त्याचं नाव लागणार. पहिल्या पॅनेलवर मला माझं नाव हवंय, फार हवंय. काय असेल ते खरं सांगा.

उत्तराची वाट बघणारी,
ठिणगी

*

दि. १४ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाव जाता कामा नये, म्हणून लिहितो.

तेव्हा मी तिथेच पॅनेलवर कामाला होतो आणि तिसऱ्या टेबलावर तुझी आई बसायची. समोर जाऊन बोलायची माझी छाती होईना, म्हणून मी तो दिवा बसवला. दिवा लागला की चहाला ये, मीही निघालोय, असा त्याचा अर्थ. तो फक्त मला माहीत होता, ही त्या योजनेतली त्रुटी. दिवा लागला की ती दचकायची आणि पेट्या वजनकाट्यावर चढवायला लागायची. मी आणखी दाबायचो, ती आणखी वजनं करायची. चहाच्या टेबलावर मी एकटाच. असं वर्षभर चाललं. शेवटी हात टेकले आणि स्टोअरवाल्या मामांना मध्ये घातलं.

नंबर लावला असता तर नकाशात काम लिहावं लागलं असतं. काय लिहिणार होतो, कपाळ?

आता तू खरं ते लिही. मात्र तुझ्या आईला यातलं अक्षर कळू देऊ नको. लग्न मामांनी जमवलं आणि मी नुसती मान हलवली, अशी तिची समजूत आहे. या वयात शोभा नको.

यशस्वी हो.

तुझे बाबा

तपासलं. सवयीप्रमाणे पाकीट उघडंच माझ्या हातात दिलं आणि स्वारी भाजी आणायला गेली! मला वाटायचं, पॅनेलवाल्याला माझ्या पेट्यांत खोट दिसतेय. वर्षभर गार चहा प्यायले गं मी. आणि इतकी वर्षं मनात धरून होते की मामांच्या भिडेखातर ह्यांनी मला पत्करलं. कधी विचारलं नाही. आता जरा रडून घेतलं, मग पोट दुखेपर्यंत हसले. ह्यांना अजून काही बोललेले नाही, दोन दिवस मजा बघते. — आई

*

दि. १८ फेब्रुवारी

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

वायरीला नंबर दिला. नकाशात काम लिहिलं: ‘चहाला बोलावणे’. मॅनेजरबाईंनी वाचलं, चष्मा काढून माझ्याकडे बघितलं, तेव्हा सगळी हकीकत सांगून टाकली. त्यांनी सही केली आणि पॅकिंग खात्यात स्वतः जाऊन सांगितलं की दिवा लागला की हातातलं सोडून चहाला जायचं, वजनं नंतर. बायका म्हणाल्या, त्या कडक मुलीला आमचा नमस्कार कळवा.

दारावर माझं नाव लागलं. मी दोनदा जाऊन बघून आले.

बाबा, रागावू नका. दोघांची लाडकी,
ठिणगी

*

दि. २३ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ‘चहाला बोलावणे’ म्हटल्यावर ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं ते जेवणापर्यंत खाली केलं नाही. ते उलटं होतं.

दुसऱ्या दिवशी शिडी काढली. स्वयंपाकघरात ओट्यावर हिरवा दिवा बसवला, बटण बाहेर स्वतःच्या खुर्चीशी. या वेळी वायरीला नंबर आहे. एक.

काल संध्याकाळी तो लागला. सवय वाईट, आधी मी डब्यांकडेच बघितलं. मग हातातलं भांडं तसंच ठेवून बाहेर गेले. चहा ह्यांनीच केला होता, खुर्चीशेजारी विजेच्या किटलीत, आणि तो गरम होता.

अशीच लिहीत राहा.

तुझी आई

तपासलं. — बाबा