आबांच्या कवळीला उशीर का होतोय

तीर्थरूप आईंना,

तुमच्या एकुलत्या एका जावयाचा (तुलनेला दुसरा नाही, हेच माझं नशीब) साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना उतरताना कठड्याला धरून उतरता ना? इकडे सगळं क्षेम आहे. तुमची लेक मजेत, नात ठणठणीत, आणि आबांचं तर विचारूच नका, गालांवर चक्क तुकतुकी आलीय. मी जरा उतरलोय, पण माझ्या तब्येतीची चौकशी तुम्ही कधी केलेली नाही, तेव्हा पुढे जातो.

फोन सोडून पत्र का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. आई, फोनवर तुम्ही "हं, बोला" एवढंच म्हणता आणि माझ्या तोंडून खरं बाहेर पडायला लागतं. त्यातून फोन बाहेरच्या खोलीत, शेजारच्या खुर्चीत आबा. पत्रात कसं, माणसाला वाक्य खोडता येतं. (वर दोन ओळी खोडल्यात, त्या उजेडात धरून वाचू नका.)

तर कवळीबद्दल. तुमचा राग मी समजू शकतो. आबांची जुनी कवळी शिंकेसरशी बेसिनमध्ये पडून दुभंगली, तेव्हा "जावई कवळ्या बनवतो तो काय फक्त परक्यांसाठी?" असं म्हणून तुम्ही त्यांना आमच्याकडे धाडलंत, आणि आठवड्याभरात दात बसवून परत पाठवायला बजावलंत. वर तुमची खास अट: वरचा डावीकडचा दात जरा तिरका हवा, जसा त्यांचा खराखुरा होता, नाहीतर हसले की घरात दुसराच कुणी पुरुष शिरल्यासारखं वाटेल. सगळं मान्य. आता दुसरा महिना सरत आलाय, आणि परवा फोनवर तुम्ही विचारलंत की जावई दात बनवतोय की हत्ती पाळलाय. या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर मला गाजरापासून सुरुवात करावी लागेल.

बाईसाहेबांना (तुमची नात; तिचं वागणं पाहता दुसरं काही म्हणायची आमची छाती नाही) सहा महिने झाले आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता नुसतं दूध पुरायचं नाही, मऊ शिजवून कुस्करलेलं काहीबाही सुरू करा, मीठ-साखर नको. तुमच्या लेकीला येत्या सोमवारपासून बंदरावर कामाला हजर व्हायचंय. तिच्या क्रेनवर सध्या दुसऱ्याच कुणाला तरी बसवलंय, आणि तो तिथे फार रुळायच्या आत ती परतली नाही तर ती जागा गेलीच म्हणून समजा. तिने मला स्पष्ट सांगितलं, की पोरगी तुमच्या हातून पोटभर जेवायला लागली तरच मी घराबाहेर पाऊल टाकीन. मी म्हणालो, एवढंच ना? अगं, माणसांची तोंडं हा माझा धंदा आहे! हे वाक्य मी का बोललो ते देव जाणे. आई, माझ्याकडे तोंडं येत नाहीत. दंतवैद्य मापं घेऊन पाठवतो आणि मी मागच्या खोलीत बसून त्यावर दात बसवतो. जिवंत तोंडाशी माझा संबंध फक्त तुमच्या लेकीच्या, आणि तिथेही माझं काही चालत नाही.

पण बढाई मारून बसलो होतो. पहिल्या दिवशी गाजर उकडून मी ते माझ्या नेहमीच्या हाताने कालवलं, म्हणजे प्लॅस्टर कालवतो तसं, गुठळी नाही, बुडबुडा नाही. दिसायला इतकं देखणं झालं की क्षणभर त्यात कुणाचं तरी माप घ्यावंसं वाटलं. बाईसाहेबांनी पहिला चमचा तोंडात घेतला, थोडा वेळ विचार केला, आणि माझ्या चष्म्यावर परत केला. दुसऱ्या दिवशी बटाटा. बटाटा जास्त घोटला की त्याची खळ होते, हे मला ठाऊक नव्हतं. आता भिंतीचा एक पोपडा जो उडणार होता तो कायमचा चिकटलाय. मग मला वाटलं, दोष चमच्याचा असणार. म्हणून कवळीच्या हिरड्यांना वापरतो त्या गुलाबी मालाचा एक खास चमचा तिच्या तोंडाच्या बेताने घडवला, घासून पुसून आरशासारखा केला. तो तिला अतिशय आवडला. दिवसभर चघळत होती. त्यावर काही वाढलं की मात्र फेकून द्यायची. तुमच्या लेकीनेही हात चालवून पाहिला. ट्रकएवढी खोकी बोटभर जागेत अलगद उतरवणारी बाई, पण त्या एवढ्याशा तोंडात भोपळा उतरवता उतरवता तिच्याही कपाळावर भोपळा आला. (मी हसलो नाही. मी खोकलो.)

शेवटी लसीच्या दिवशी नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पोरं बघून शिकतात, तिच्यासमोर बसून तुम्ही जेवून दाखवा. झालं! मी तिच्यासमोर बसून जेवू लागलो. साधं नाही, अभिनय करून. मोठमोठे घास, डोळे मिटून वा वा, दातांनी चावल्याचे आवाज. ती माझ्या दातांकडे असं बघायची की मलाच वाटायला लागलं, आपण हे काय भयंकर करतोय. आणि तोंड असं घट्ट मिटायची की दातखीळ बसावी, तीही दात नसताना! वजन करायला नेलं तर काटा जागचा हलेना. मी हात टेकले. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला रडू आलं, आणि ते तुमच्या लेकीला दिसलं म्हणून जास्तच आलं.

आता आबा. आबा आले ते तोंडाला रुमाल लावून, तुम्हाला माहीतच आहे. जन्मभर लिलावात उभं राहून बोली पुकारलेला माणूस, ज्याच्या आवाजावर मोडकी कपाटं विकली गेली, तो आमच्याकडे "हो" आणि "नको" पलीकडे बोलेना. दातांशिवाय शब्द घरंगळतात, लोक हसतात, म्हणायचे. जेवायचेसुद्धा एकटे, खोलीचं दार लावून. तुम्हीदेखील त्यांना बिनदातांचं जेवताना कधी पाहिलेलं नाही, हे त्यांनी मला मोठ्या अभिमानाने (खुणेने) सांगितलं. दर तासाला मागच्या खोलीतल्या माझ्या कारखान्यात डोकावून भुवया उडवायचे: झाले का?

एका दुपारी ते दार उघडं राहिलं आणि बाईसाहेब सरपटत आत गेल्या. मी शोधत पोचलो तर उंबऱ्यातच थबकलो. आबा पलंगावर ताटली घेऊन बसलेले, कुस्करलेला बटाटा हिरड्यांनी चघळतायत, हनुवटी पार नाकाला लागतेय. खाली बाईसाहेब मान वर करून बघतायत, आणि त्यांचंही तोंड तसंच हलतंय, रिकामंच. आबांनी इकडेतिकडे पाहिलं (मी दाराआड), बोटाच्या टोकावर जरासा बटाटा घेतला, आणि आई, तिने आ केला! गिळलं! आणि पुन्हा आ! मग आबांना काय स्फुरण चढलं कुणास ठाऊक, महिनाभर मुका असलेला माणूस एकदम पुकारू लागला, "एक वार... दोन वार... तीन वार!" तीनला घास आत. शब्द घरंगळत होते, पण आवाज तोच, तुम्ही ज्याच्यावर भाळलात तो. ताटली संपली. मी दाराआड तोंडात रुमाल कोंबून उभा होतो.

तेव्हापासून रोज तीन वेळा स्वयंपाकघरात सगळ्यांदेखत लिलाव भरतो. दोघांपुढे एकाच भांड्यातला भोपळा नाहीतर गाजर, दोघांच्या गळ्यात लाळेरं. (आबांचं तुमच्या लेकीने जुन्या चादरीचं शिवलंय.) रुमाल खिशात गेला तो गेलाच. मीही मागे नको म्हणून ओठ आत वळवून, दात झाकून तिच्यासमोर बसून पाहिलं. ती आधी घाबरली, मग रडली, आणि नेमकी तेव्हा तुमची लेक आत आली. त्यावर आम्ही दोघं अजून बोललेलो नाही.

आणि मग मेणात दात बसवून आबांना घालून बघायचा दिवस उजाडला. दात घालून ते नातीकडे पाहून झोकात हसले. तिने असा टाहो फोडला की काय सांगू! संध्याकाळपर्यंत घास घेतला नाही. आबांनी कवळी काढून माझ्या हातात दिली आणि मान खाली घालून बसले. आई, मी कारागीर माणूस. त्या दिवसापासून रंग जुळत नाहीये, माल निकृष्ट आलाय, घासायचं यंत्र बिघडलंय. उशीर होतोय तो यामुळे. आबाही म्हणतात, "सावकाश होऊ द्या, जावईबापू."

बाकी काही विशेष नाही. गुडघ्याला शेक देत जा. थोरांना नमस्कार, लहान कुणी भेटलं तर आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक (निदान पत्रात तरी),
जावई

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. आबांना परत पाठवा असं कृपा करून आता म्हणू नका. तुम्हीच इकडे या. खालच्या मजल्याचीच खोली देतो, गुडघ्याला जिना लागायचा नाही.

ता. क. दुसरा. तुमच्याशी खोटं बोलून मला घास उतरत नाही, म्हणून सांगतो. कवळी केव्हाच तयार आहे. परक्या कवळ्यांच्या डब्यांमागे, वरच्या फळीवर लपवलीय. तुमच्या लेकीलाही ठाऊक नाही. आणि आबांनाही नाही, असं मी समजत होतो. पण काल कचऱ्याच्या डब्यात अर्धं सफरचंद दिसलं. त्यावर चाव्याची खूण होती, वरचा डावीकडचा दात जरा तिरका. आई, माझं काम मी ओळखणार नाही का? हा माणूस मी बाजारात गेलो की फळीवरची कवळी तोंडात घालून सफरचंदं खातो, आणि मी यायच्या आत धुऊन, पुसून परत जागेवर ठेवतो! मी काही बोललो नाही. तुम्हीही बोलू नका.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार एवढ्यात स्वयंपाकघरातून लिलाव ऐकू आला आणि माझे कान टवकारले. "दोन वार" खणखणीत होतं! "तीन वार" तर त्याहून! धावत गेलो. आबा कवळी घालून बसलेले, आणि बाईसाहेब त्यांच्यासमोर आ करून! चमचा आत गेला आणि टक् असा आवाज झाला. बोट फिरवून बघितलं तर बाईसाहेबांच्या खालच्या हिरडीत तांदळाएवढा दात. आबा माझ्याकडे बघायला लागले, मी आबांकडे. शेवटी ते म्हणाले, "जावईबापू, दात झाले वाटतं." मी म्हणालो, "हो, आत्ताच झाले." म्हणजे आता आबांना इथे थांबवून घ्यायला माझ्याकडे एकही कारण उरलं नाही, आणि हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं. त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, तिचं लाळेरं सारखं केलं. मग कवळी काढून माझ्या हातात दिली, म्हणाले, "डावीकडे जरा टोचतेय." मी खिडकीशी नेऊन, बोट फिरवून, नीट तपासली. कुठेही टोचत नाही, आई. मी म्हणालो, "हो आबा, अजून बरंच काम आहे."

तेव्हा दात अजून झालेले नाहीत. तुम्ही या.