रेघेनं कापलेली घरं

शके १८५६, कार्तिक व. ४
नातीचा, चंपीचा, पेपर आला. बीजगणित, पंचविसात सात. दत्तू म्हणाला, "आये, बास झाली शाळा. पुढल्या महिन्यापासनं ती मागासाठी सुताच्या कांड्या भरंल." पोटचा ल्योक, पण बापाच्या वरताण. मी भाकरी उलटत हुते. करपली ती त्यालाच वाढली.

का. व. ५
चं. नं पेपर दावला. गणित आपल्याच घरातलं. चादरीला दोन शेर सूत, पंचाला एक. सूत बारा शेरच. तेवढ्यात काय काय विणता येईल ते चौकटीच्या कागदावर रंगवा. चादरी आडव्या मोजायच्या, पंचे उभे, मधी तिरकी रेघ.
ह्यो कागद मला नवा हाय व्हय? हे होते तवा चादरीवरची फुलं मी असल्याच कागदावर भरायची. ह्यांना लाल रंग आवडायचा, मला हिरवा, त्यावरनं दोन दोन दिस अबोला. आसो.
पोरीला मीच सांगितलं हुतं, रेघेनं कापलेलं घर कोरं सोड. धागा वर तरी आसतो न्हाई तर खाली, अर्धा कुटनं? नेमक्या त्या घरांवर मास्तरांच्या लाल फुल्या.
म्हंजे चुकले मी, न् मार्क गेले तिचे.

का. व. ६
सात रस्त्याला मास्तरांच्या घरी गेले, कुणाला न विचारता. कागद म्होरं ठेवला.
"मास्तर, अर्धी चादर कोण पांघरतं?"
पोरगेलासा माणूस, हसला. "आजी, मागावर आज अर्धीच विणून झाली, तर तेवढं सूत लागलं का नाही?"
लागलं की. चाळीस वर्सं मागापाशी काढली, न् हे सुचलं न्हाई.
मग म्हणलं, कुठली बाजू रंगवायची ते कसं कळतं? म्हणाले, कोपऱ्यातलं शून्य घ्या. एकही चादर नाही, एकही पंचा नाही. बारा शेरात भागतं का?
"काईच न विणता बसलं तर भागतंच की."
"मग शून्याची बाजू."
मला लई मजा वाटली. वाटंत एकटीच हसत आले.
मार्क बदलणार न्हाईत म्हणाले. शनवारी नवा पेपर देतील, त्यात पास झाली तर पुढल्या वर्गात.

का. व. ८
चं. न् मी अंगणात खडूनं चौकटी आखल्या. आता कापलेल्या घरात बी रेघेपातुर रंग. ती म्हणते, "आज्जे, तू मला शिकिवतीस का मी तुला?" दत्तू उंबऱ्यात. "म्हातारीला शाळंत घाला." म्हणलं, घाल की, फी तू भर.

का. व. १०, शनवार
पेपर दिला. तीन गणितं सुटली म्हणती, चौथ्यात बाजू कुठली ते आठवंना, तवा शून्य घेऊन बघितलं. निकाल मंगळवारी.
दत्तूनं कांड्यांचा रहाट खिडकीपाशी मांडून ठेवलाय, चं. साठी. त्याचा निकाल आधीच लागलाय.
रहाट ओढून मी माझ्या गुडघ्यापाशी घेतला. सहा कांड्या भरल्या. हात अजून चालतो, जरा दुखतो.
"आये, ऊठ. ती जागा तिची हाय."
म्हणलं, मंगळवारी इचार. मंगळवारी बी मी हितंच आसनार.