बैलाच्या पोटाला रंग कोण देतं?

आई, यंदा पोळ्याच्या तोंडावर तुमचा गोऱ्हा भंगारात जायची वेळ आली होती. गोऱ्हा म्हणजे आपली गवत कापायची मशीन. तिला या नावाने हाक मारणाऱ्या जगात तुम्ही एकट्याच, आणि तुमच्यामागे मी, तुमची सून. झालं असं, की तुमच्या नातवाने मशीन आडवी पाडली, पात्यावरचं ते मोठं लोखंडी झाकण, ज्याला डेक म्हणतात, त्याला खालून स्क्रूड्रायव्हर लावला, आणि तो आरपार वर आला. ‘पाह्य आई, चाळणी झाली. आता नवी घेऊ, बसून चालवायची.’ मी म्हटलं, ‘बसायला तू काय नवरदेव आहेस?’ तो हसला, पण भंगारवाल्याला रविवारी ये म्हणून सांगूनही बसला. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. तुमच्या हातचं या घरात उरलंय काय सांगा? लोणच्याची बरणी तर वर्षश्राद्धाच्या आतच आम्ही चाटूनपुसून संपवली. रोज कामाला येणारं असं तुमचं हे एवढंच राहिलं होतं, आणि ते किलोच्या भावाने विकायला मी काही तयार नव्हते.

तुम्हाला आठवतं ना, भातकुलीच्या रस्त्याला लागून आपलं काळ्या मातीचं वावर होतं. तुमचे चिरंजीव एके दिवशी म्हणाले, ‘आता कापूस पेरन्यात काई राम नाई, लग्न पेरा लागते,’ आणि वावराचं लग्नाचं लॉन झालं. बैलजोडी बार्शीटाकळीकडच्या एका शेतकऱ्याला दिली. माणूस चांगला होता, बैलांच्या पाठीवरून हात फिरवत बोलत होता. तुम्ही त्या दिवशी कोणाशी भांडला नाहीत, याचीच मला धास्ती वाटली. संध्याकाळी रिकाम्या गोठ्यात झाडू मारत बसलात, झाडायला काही नव्हतं तरी. मग गवत आलं. केवढ्या कौतुकाने आणलेलं, चादरीसारखं अंथरलेलं. चार दिवस होत नाहीत तोच सकाळी उठून पाहते तर तुम्ही विळा घेऊन उकिडव्या बसलेल्या आणि स्टेजसमोरचा आख्खा पट्टा निंदून काळाभोर करून ठेवलेला! चिरंजीव डोक्याला हात लावून ओरडतायत, आणि तुम्ही विळाही खाली ठेवत नाही. ‘अरे, जनमभर ह्या हातानं गवत उपटलं, आन् आता म्हनता त्याले पोसा? काहून? कोनाच्या बापानं गवताचं पीक घेतलं होतं?’ मी पदर तोंडात कोंबून आत पळाले. हसू आवरेना.

पुढं मशीन आली. तुम्ही तिच्याभोवती लांबूनच एक चक्कर मारलीत, तोंड वाकडं करून. पण ती सुरू झाली, गवत गिळत पुढं निघाली, तशा तुम्ही ओट्यावरून उठून उभ्याच राहिलात. ‘अवो माय, हे तं चरते!’ झालं. त्या दिवसापासून तो गोऱ्हा. रात्री त्याला शेडमध्ये नाही, गोठ्यात ठेवायचं, गव्हाणीकडे तोंड करून. त्या वर्षीच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही तूप-हळदीची वाटी घेऊन गोठ्यात गेलात. मी मागं मागं. तुम्ही मशीनच्या दांडीला तूप चोळताय, बैलाच्या खांद्याला चोळावं तसं, आणि म्हणताय, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ मला वाटलं, आईंचं काही खरं नाही आता. दुसऱ्या दिवशी शिंगाच्या रंगाचा डबा उघडलात. ‘शिंगं नाईत त्याले, मंग पाठीलेच लावते,’ म्हणत आख्खा डेक गुलाबी करून टाकलात. दांडीला बैलांची घुंगरमाळ बांधलीत. आणि एवढ्यावर थांबाल तर तुम्ही कसल्या? ढकलत ढकलत त्याला थेट गावच्या तोरणाखाली नेलंत, जोड्यांच्या रांगेत! चिरंजीव घरात दार लावून बसले. गर्दीतून कोणीतरी विचारलं, ‘बुढे, हा बैल कोन्या जातीचा वं?’ तुम्ही वळून म्हणालात, ‘खाते, राबते, आन् शेन टाकत नाई. हाय का तुह्या घरी असा?’ सगळा पोळा पोट धरून हसला, आणि मग लोकांनीच सरकून त्याला शेवटच्या जोडीशेजारी जागा केली.

मग दरवर्षीचंच झालं. कधी निळा, कधी पिवळा, एकदा चंदेरी. तोरणाहून परत आलं की गोऱ्ह्याचं ताट. त्यावरून आपली किती जुंपायची! डॉक्टरांनी तुम्हाला साखरेपायी गोड बंद केलेलं, आणि पहारेकरी मी. तुमच्या ताटात अर्धी पुरणपोळी, तीही तुपाशिवाय. तुम्ही निमूट खायच्या. पण गोऱ्ह्याच्या ताटात आख्खी हवी, तुपात भिजलेली. मी कुरकुरले की, ‘बैलाले कोनी अर्धी वाढते का वं?’ ताट घेऊन तुम्ही गोठ्यात जायच्या, बऱ्याच वेळाने रिकामं घेऊन यायच्या. ‘कुत्र्यानं खाल्ली,’ म्हणायच्या. मी त्या बिचाऱ्या कुत्र्यावर दरवर्षी डाफरायची, आणि ते माझ्याकडे असं निर्धास्त पाहायचं, की याला चोरीचं काहीच कसं वाटत नाही, असं मला वाटायचं.

तुम्ही गेलात त्या वर्षी सुतकात पोळा झाला नाही. पुढच्या वर्षी डबा उघडला तर रंग वाळून गेलेला. नंतर राहिलंच ते. तर आता, रविवार यायच्या आत मी तो डेक खोलून घेतला, गाडीत टाकला आणि माझ्या माहेरी, अकोल्याला निघाले. ‘हे म्हातारपणी काय नवीन?’ असं चिरंजीवांनी विचारलं, पण गाडी तेच चालवत होते. जुन्या शहरात भावाकडे चहा घेतला, त्याने एका पावडर कोटिंगवाल्याचा, म्हणजे लोखंडावर पावडरीचा रंग भाजून बसवणाऱ्याचा पत्ता दिला, आणि मोर्णा नदी ओलांडून आम्ही त्याच्या शेडवर पोचलो. तिथं गेटं, खुर्च्या, कुलरची खोकी रांगेत लटकवलेली, आणि मधोमध माणूस मावेल एवढी भट्टी. कोटिंगवाल्याने डेक उलटसुलट करून पाहिला. ‘बाई, हे आक्रितच हाय. वरून पत्रा धडधाकट, खालून सडेल हाय. वरून एवढे थर कोनं लावले?’ मी म्हटलं, माझ्या सासूबाईंनी. ‘मंग खालून काहून नाई लावले?’ आता काय सांगू त्याला! मी म्हटलं, ‘बैलाच्या पोटाला रंग कोण देतं?’ मग बसून सगळी हकीकत सांगावी लागली. भट्टीवरची माणसंही हातातलं काम टाकून ऐकत होती, आणि तोरणाखालचं तुमचं उत्तर ऐकून एकाला तर ठसका लागला. चहा आला. तुम्ही तिथं असतात तर आणखी दोन गोष्टी मीठमसाला लावून सांगितल्या असत्या.

गंज खालूनच येतो, असं त्याने सांगितलं. लग्न असलं की आपण लॉन हिरवंगार दिसावं म्हणून पाणी मारतो आणि ओलंच कापतो. ते ओलं गवत आणि आपली ती चिकट काळी माती, दोन्ही मिळून डेकच्या आत लिंपण बसतं, आणि त्याच्याखाली लोखंड दिवसेंदिवस भिजत राहतं. शिवाय पात्याने उडवलेले खडे आतला रंग खरवडून काढतात. तुम्ही पाठ सजवत होतात आणि पोट कुजत होतं. मग त्याने हातोडी घेतली आणि काठाकाठाने ठोकत निघाला. जिथं पत्रा जिवंत असेल तिथं ठणठण वाजेल, मेला असेल तिथं भद्द वाजेल, असं म्हणाला. आई, सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसावं तशी मी उभी होते. ठण. ठण. ठण. आणि गवत बाहेर फेकायच्या तोंडाशी, भद्द. तो म्हणाला, ‘एवढाच तुकडा गेला. कापून नवा पत्रा वेल्डिंग करतो. बाकी जगते तुमचा बैल.’ चिरंजीव इतका वेळ मोबाईल पाहत होते. त्यांनी तो खिशात घातला आणि नाक शिंकरलं.

पण एक मेख होती. वाळूचा मारा करून सगळा जुना रंग काढावा लागणार, वरचासुद्धा, नाहीतर नवी पावडर धरत नाही आणि भट्टीत जुना रंग जळून फुगतो. त्याने पात्याने एक कोपरा तिरपा तासून दाखवला. पिवळा, हिरवा, चंदेरी, निळा, आणि सगळ्यात खाली तो पहिल्या पोळ्याचा गुलाबी. तुमचे सगळे पोळे एकाखाली एक निजलेले. मी म्हटलं, थांबा जरा. बाहेर येऊन उभी राहिले. वाटलं, राहू द्यावा असाच, भिंतीला टांगावा, रोज पाहावा. आणि त्याच क्षणी तुम्ही कानाशी बोललात, अगदी तुमच्या त्या कडक आवाजात. ‘भिंतीले टांगून काय पूजा करतं? रंग बाजारात भेटते. बैल भेटत नाई.’ मी आत गेले आणि म्हटलं, ‘काढा.’ मारा सुरू झाला तेव्हा मी तिथं थांबले नाही, एवढं मात्र खरं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी डेक घरी आला. काळा कुळकुळीत, नवरीच्या केसांसारखा. आधी जस्ताचा थर, त्यावर पावडर, आणि पोटाला आतून आणखी एक जाड, रबरासारखा लेप. कोटिंगवाल्याने दोन गोष्टी बजावल्या. रोज काम झालं की आतलं गवत लाकडी पट्टीने खरवडून काढायचं, कोरडं पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा. म्हणजे बैलाचा खराराच की! आणि दुसरं, वरून ब्रशने काही रंगवायचं नाही, या गुळगुळीतावर तो धरत नाही, पापुद्रे सुटतात. तुमच्या नातवाने मशीन जोडली, सुरू केली, दोन फेऱ्या मारल्या, आणि भंगारवाल्याला स्वतःच फोन करून नको म्हणाला. वर मलाच सांगतो कसा, ‘आवाज किती भारी येऊन राहिला आई, नवी काहून घ्यायची?’

संध्याकाळी वाटी घेऊन गोठ्यात गेले. दांडीला तूप-हळद चोळली. आवतणही हळूच दिलं. आणि आज सकाळी शिंगाच्या रंगाचा नवा डबा फोडला. गुलाबी. धरणार नाही हे ठाऊक आहे, पापुद्रे सुटतील हेही ठाऊक आहे. सुटू देत. तुमचा रंग तरी कुठे पावडर कोटिंगचा होता? पुढच्या पोळ्याला पुन्हा लावीन, मला काय दुसरा उद्योग आहे! बोटाने पाठीवर एक लांब पट्टा ओढला, आणि मग मशीन कलती करून पोटालाही एक बोट लावलं.

तोरणाखाली न्यायची छाती माझी नाही, म्हणून सरळ ताट वाढलं. आख्खी पोळी, तुपात भिजलेली. आता साखर मलाही लागली आहे आई, आणि तुमचा नातू माझ्या ताटावर तशीच नजर ठेवतो जशी मी तुमच्या ठेवायची. अर्धी, तुपाशिवाय. ताट गोऱ्ह्यापुढं ठेवलं. पुरणाचा वास, जायफळाचा वास, गोठ्यात कोणी नाही. कुत्रं बाहेर उन्हात झोपलेलं. मी त्या पोळीकडे पाहिलं, त्या काळ्या डेककडे पाहिलं, आणि एवढ्या वर्षांनी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, कुत्रं ताट इतकं स्वच्छ पुसून ठेवतं का कधी! मोठमोठ्याने हसले मी, एकटीच. मग खाली बसले, गव्हाणीला पाठ टेकून, बहुधा तुम्ही बसायच्या तिथंच.

रिकामं ताट घेऊन घरात गेले. नातवाने विचारायच्या आत सांगून टाकलं, कुत्र्यानं खाल्ली. चिरंजीवांनी पेपरमधून मान वर केली, माझ्या हनुवटीवरचं तूप पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, ‘आईच्या वक्ताचंच कुत्रं दिसते.’ म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं! मायलेकांनी मिळून मला इतकी वर्षं वेड्यात काढलं.

आता दुपारी सगळे झोपलेत आणि मी हे लिहीत बसले आहे. कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते ठाऊक नाही, म्हणून टाकणार नाही. एक सांगायचं राहिलं. आज गोठ्यात जाताना मी ठरवूनच गेले होते, की तुमच्यासाठी एकदा पोटभर रडून घ्यायचं, तुम्ही गेलात तेव्हा पाहुण्यांच्या गर्दीत ते नीट जमलंच नव्हतं. पण पोळी इतकी सुरेख झाली होती आई, की रडायचं पुन्हा राहूनच गेलं.