सतरावे ठाण

सोमवार, ८ सप्टेंबर १९५८

कालच्या नोंदीत मी लिहिले आहे की या रुग्णालयात घोड्यांची सोळा ठाणी आहेत. ते चूक आहे. आज सकाळी फिरून मोजली, सतरा आहेत. सतरावे आंब्याच्या आड, मागच्या भिंतीला लागून असल्यामुळे काल दिसले नाही. त्याच्या दारावर आडव्या फळ्या ठोकल्या आहेत आणि चौकटीवर आकडा नाही. कालची ओळ मी खोडत नाही. माझ्या वडिलांच्या, आबांच्या, वहीचा नियमच होता, खाडाखोड करायची नाही. चुकले तर पुढची तारीख घालून दुरुस्ती लिहायची. घोड्याला बोलता येत नाही, तेव्हा वहीने तरी खरे बोलावे, असे ते म्हणत.

बाकी कालचे सगळे बरोबर आहे आणि आनंदाचे आहे. पौडपर्यंत एस.टी., पुढे रुग्णालयाचा टांगा. माले गावाच्या अलीकडे भाताची खाचरे पोटरीला आलेली आणि लांब धरणाच्या पाण्याची चकाकती रेघ. माझी खोली खोगिरांच्या कोठीवर आहे. चामड्याचा आणि अळशीच्या तेलाचा वास येतो. मला घरी आल्यासारखे वाटले. माझे लहानपण संस्थानच्या पागेत गेले. आबा तिथे सालोत्री, म्हणजे घोड्यांचे वैद्य होते. घोड्याच्या जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजायला मी सातव्या वर्षी शिकले. कॉलेज त्यानंतरचे.

रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर जयसिंगराव. सगळे त्यांना मोठे साहेब म्हणतात. पन्नाशीचे, पांढरेशुभ्र कफ, आवाज हळू. इथे शिकाऊ म्हणून आलेली मी पहिलीच स्त्री. सहा महिने काम करायचे आणि शेवटी त्यांचा दाखला मिळाला की मी रीतसर डॉक्टर. पहिली शाळा कुठली, असे त्यांनी विचारले. मी आबांचे नाव सांगितले. तेव्हा ते कंपाउंडरला म्हणाले की आता सालोत्र्याची मुलगी आपल्या चुका काढणार. मीही हसले.

त्यांनी एक गोष्ट अभिमानाने सांगितली. दर दसऱ्याला ते स्वतः प्रत्येक घोड्याला कुंकू लावतात आणि उघड्या तळहातावरून गूळ-हरभरा चारतात. पुण्याहून घोड्यांचे मालक बघायला येतात. एकही घोडा वगळायचा नाही, हा त्यांचा नेम आहे.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

कामाची घडी बसते आहे. पहाटे तापमान, मग मलमपट्ट्या, दहाला मोठ्या साहेबांची फेरी. घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांत पिराजी हुशार आहे. तिशीचा, धनगराचा, घोड्याशी बोलत खरारा करतो. त्याची भावजय बानूबाई ठाणी झाडते. तिचा नवरा बाजी इथेच मोतद्दार होता. गेल्या वर्षी वारला.

बानूबाई रोज दुपारी बाराला सतराव्या ठाणापुढे पाण्याची बादली ठेवते. बंद ठाणापुढे पाणी कशाला, असे मी विचारले.

“तिला तहान लागती,” ती म्हणाली. कुणाला, म्हटले तर म्हणे, “तुमी डाक्टरीणबाई. तुमाला ठावं पायजे.”

पिराजीने हळूच सांगितले की भाऊ गेल्यापासून वहिनीचे हे असेच आहे, मनावर घेऊ नका. तीन वाजता पाहिले तर बादली रिकामी होती. कावळ्यांनी पाणी उडवले असावे, किंवा बादलीला चीर असेल.

शनिवार, २० सप्टेंबर

दुरुस्ती. बादलीला चीर नाही. भरून दोन तास खोलीत ठेवून पाहिली. आणि कावळेही नाहीत. आज बारा ते दोन मी आंब्याखाली बसले होते. ऊन लख्ख होते. जवळ कोणी नव्हते. पाणी एकदम कमी होत नाही. काही घोट, मग थांबणे, मग पुन्हा घोट. प्रत्येक घोटाला पाण्याची कड थरथरते. घोडा असाच पितो. मी एकवीस घोट मोजले. नंतर काठावर करड्या शेंबडाची तार लोंबत होती.

हे मी कुणाला सांगितलेले नाही. लिहून मात्र ठेवलेच पाहिजे.

सोमवार, २९ सप्टेंबर

नवव्या ठाणातल्या लाखी नावाच्या घोड्याची डावी नाकपुडी आठ दिवस वाहते आहे. जबड्याखाली गाठ आहे, दगडासारखी. मला ग्लँडर्सचा संशय आला. हा घोड्याचा सर्वांत वाईट रोग. औषध नाही. माणसालाही होतो आणि माणूस सहसा वाचत नाही. म्हणून कायद्याने अशा घोड्याला गोळी घालायची, सरकारला कळवायचे, ठाण जाळायचे आणि बाकी सर्व घोडे तपासायचे.

मोठे साहेब म्हणाले, सर्दी आहे. मी हट्ट धरला. काल दुपारी त्यांनी मला खालच्या पापणीत चाचणीची सुई टोचू दिली. आज सकाळी ते स्वतः कागद घेऊन आले आणि शेजारी उभे राहिले. पापणीला सूज नव्हती. मी ‘रोग नाही’ असे लिहून सही केली.

मंगळवार, ३० सप्टेंबर

दुरुस्ती. कालची नोंद खोटी आहे. ही चाचणी अठ्ठेचाळीस तासांनी वाचायची असते. मी अठराव्या तासाला वाचली. मला हे ठाऊक होते. आबांनी शिकवले होते, कॉलेजात परीक्षेत आले होते. पण ते पेन उघडून उभे होते आणि मला नाही म्हणता आले नाही.

आज दुपारी लाखीचा डोळा सुजून मिटला आहे. कडेला पू आहे.

मी साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे सांगितले की कागदावर सही तुमची आहे. बोभाटा झाला तर रुग्णालय बंद होईल आणि तुम्ही जन्मात डॉक्टर होणार नाही. दसऱ्याचे पाहुणे येऊन गेले की लाखीची सोय लावू. तोवर पिराजी त्याचे करील.

पिराजीच्या बोटांना भेगा आहेत.

शनिवार, ४ ऑक्टोबर

बानूबाईला मी आपणहून लाखीचे सांगितले. ती बराच वेळ केरसुणीचे टोक आपटत राहिली. मग तिने गेल्या वर्षीचे सांगितले. मी तिच्याच क्रमाने लिहिते.

पारवी नावाची घोडी होती, कबुतराच्या रंगाची. तिची डावी नाकपुडी वाहत होती. तेव्हाच्या शिकाऊ डॉक्टरने सर्दी असे लिहून सही केली आणि दाखला घेऊन तो निघून गेला. पुढे घोडीच्या अंगावर फोड आले. गोळी घातली तर आवाज गावात जाणार आणि चौकशी येणार. म्हणून घटस्थापनेच्या दिवशी तिला सतराव्या ठाणात घालून दारावर फळ्या ठोकल्या. चारा नाही, पाणी नाही. ती आपोआप संपणार होती. पण दुपारच्या सामसुमीत बाजी फळ्यांच्या फटीतून ओंजळीने पाणी पाजायचा. ती त्याचे हात चाटायची. त्याच्याही बोटांना भेगा होत्या. त्या पाण्यावर ती नऊ दिवस जगली आणि नऊ दिवस लाथा मारत राहिली.

दसऱ्याच्या सकाळी आवाज थांबला. साहेबांनी सोळा घोड्यांना गूळ चारला, हात धुतले आणि पाहुण्यांबरोबर जेवायला बसले.

महिन्याभरात बाजीचे हात फुटले, मग नाक. साहेबांनी मृत्यूच्या दाखल्यावर लिहिले, दारूने ताप चढला. “देवीचा भगत व्हता त्यो,” बानूबाई म्हणाली. “थेंब शिवला न्हाई कदी.”

घोडीला पुरले कुठे, असे मी विचारले.

“कौलं काढून वरनं चुना वतला. दार उगडलंच न्हाई कुनी.”

गुरुवार, ९ ऑक्टोबर

पुण्याच्या सरकारी अधिकाऱ्यांना मी सगळे लिहिले, माझ्या सहीसकट. इथली टपाल-पिशवी साहेबांच्या खोलीतून जाते हे मला सुचले नाही. दुपारी त्यांनी मला बोलावले. पाकीट टेबलावर फोडलेले होते. अक्षर सुंदर आहे, एवढेच ते म्हणाले आणि पत्र परत दिले.

पिराजीला मी नोकरी सोडून जा म्हटले. दोन घरे त्याच्या पगारावर चालतात, तो जाणार नाही. रबरी हातमोजे दिले तर म्हणाला, “मोजं घालून खरारा? घोडं हसंल की, डाक्टरीणबाई.” खिशात घातले. हातात नाही.

नवव्या ठाणाजवळ नव्या फळ्या कापून रचल्या आहेत. मी मोजल्या. सात.

सोमवार, १३ ऑक्टोबर, घटस्थापना

बाराला सुरू झाले. लाकडावर खूर. दोन ठोके, थांबणे, दोन ठोके.

सोळाही घोडे तोंड फिरवून आंब्याकडे बघत उभे. तोबऱ्यातली चंदी न खाता तशीच. पिराजी म्हणतो, वाऱ्याने फळी हलते. वारा नाही. साहेब फेरीवरून येताना थबकले, सतराव्याकडे पाहिले आणि पावले भराभर उचलली.

त्यांना ऐकू येते. हे कळले आणि मला बरे वाटले. असे वाटायला नको होते.

बुधवार, १५ ऑक्टोबर

आज बादली मी ठेवली. पाणी हलले नाही. मग मी ओंजळ भरून हात फटीत घातला — आत ऊन होते, चुन्याचा कोरडा वास — आणि ओठ लागले. गरम. वरच्या ओठाचे राठ केस. ती पाणी प्यायली आणि तिने तळहात चाटला. तळहातावर परवाच्या नस्तराचा काप आहे.

मी हात लगेच काढून घेतला.

दुरुस्ती. काढून घेतला नाही. तिचे होईपर्यंत ठेवला.

शनिवार, १८ ऑक्टोबर

पिराजीच्या करंगळीवर फोड. कडा उचललेल्या, मध्ये खड्डा. त्याने मागे लपवला. मी पाहिला.

माझी डावी नाकपुडी सकाळपासून —. रुमालावर करडे, थोडे रक्त. जबड्याखाली बोट ठेवले. गाठ आहे. नाडी एकशेदहा.

खरी नोंद करून ठेवते: रोग आहे. सही, रत्ना.

या वेळी लक्षणे वेळेवर वाचली.

सोमवार, २० ऑक्टोबर

तीन दिवस बादली भरलेलीच. ती पीत नाही. ठोकेही थांबले. बानूबाई म्हणाली, “आता तिला पानी नगं.” काय हवे ते तिने सांगितले नाही. मी विचारले नाही. आम्हा दोघींना —

पत्राची दुसरी प्रत बानूबाईने पायी पौडला नेली आणि तिथल्या पेटीत टाकली. अधिकारी दसऱ्यानंतर येतील. लाखीचे, पिराजीचे ते बघतील. साहेबांवर खटला होईल. साहेब वकील देतील. पारवीच्या कागदावर सर्दी आहे, बाजीच्या कागदावर दारू आहे, लाखीच्या कागदावर माझी सही आहे. सुटतील.

मला थांबता आले असते. आबा थांब म्हणाले असते. हे मी जाणून लिहिते — थांबायचे नाही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी हत्यारांची पूजा. नस्तर, सुया, नाल उपटायची पकड — सगळ्यांना झेंडू. साहेबांनी मला विचारले, तब्येत बरी नाही का. सर्दी आहे, म्हटले. त्यांनी मान हलवली.

पूजेतली पकड मी उचलली. दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा सतराव्याचे खिळे काढले. चौदा होते. बारा काढले, दोन ठेवले, दार उभे राहावे म्हणून. आतून श्वास येत होता, माझ्या चेहऱ्याच्या उंचीवर. घाई नव्हती त्याला.

कचेरीपुढच्या फळ्यावर लिहिले आहे, ‘घोडे — सोळा’. खोडले नाही. खाली तारीख घालून लिहिले: ‘दुरुस्ती. सतरा.’

उद्या गुळाचे ताट धरायचे काम माझ्याकडे आहे, त्यांनीच सांगितले. सोळावा झाला की मी सगळ्या मालकांसमोर म्हणेन, साहेब, एक राहिली. नेम त्यांचा आहे. पाहुण्यांपुढे नाही म्हणता येणार नाही. ते हसतील. तळहातावर गूळ घेतील. बानूबाई फळी ओढेल. ते हात पुढे —

खोकला. लिहिणे कठीण —

दुरुस्ती. वर दोन खिळे ठेवले असे लिहिले आहे. आता दिवे लागायच्या आत जाऊन पाहिले. दोन्ही खाली पडले आहेत. आतून ढकललेले, वाकडे. तरी दार मिटलेलेच. दारही ढकलले असते तर उघडले असते. तिने उघडले नाही. थांबली आहे. तिलाही दिवस ठाऊक आहे — उद्या, बुधवार, २२ ऑक्टोबर, दसरा, सकाळी नऊ वाजता, साहेबांचा उजवा हात —