बाज नको, भुई हवी

डॉक्टरसाहेब, बेंबळीच्या दवाखान्याच्या ओसरीत तुम्ही माझे दोन्ही हात माझ्याच बापाच्या छातीवर ठेवलेत, त्या घडीला माझं आयुष्य फिरलं.

त्या दुष्काळात तात्या सहकारी दूध संस्थेत कॅन उचलायचे. मी कॉलेज अर्ध्यात सोडून घरी बसलेलो. जिच्यापायी सोडलं ती लग्न होऊन लोहाऱ्याला गेली होती, आणि मी गावात ज्याच्या त्याच्या अंगावर धावून जात होतो. तात्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. त्या सकाळी कॅन उचलताना ते छाती धरून खाली बसले. चुलत्यानं आणि संस्थेतल्या माणसांनी त्यांना बाजेवर घालून तुमच्याकडं आणलं, मी मागं पळत. ओसरीत बाज टेकली आणि तात्यांचा श्वास थांबला.

"खाली घ्या रं, बाजंवर जीव जाऊ देऊ नका," चुलता म्हणाला. आपल्याकडची रीतच ती, जाणाऱ्याला भुईवर घ्यायचं. कुणीतरी तुळशीचं पान आणायला धावलं. तात्यांना फरशीवर ठेवलं तसं मी चुलत्याचं मानगूट धरलं. "मेला न्हाय माझा बाप! उचला, बाजंवर ठेवा!"

तेवढ्यात तुम्ही बाहेर आलात. मानेला बोटं लावलीत, गुडघ्यावर बसलात आणि दाबायलाच लागलात. "खालीच राहू दे. बाजेवर दाबलं तर दोऱ्या दबतील, काळीज नाही." मग माझ्याकडं बघून, "कॉलेज सोडलंस ना? मग हात मोकळेच आहेत. भांडण सोड, ये इकडं." तळव्यावर तळवा, कोपर ताठ, दाबलं की छाती परत वर येऊ द्यायची. तुम्ही तोंडाला तोंड लावून श्वास देताय, सिस्टर सुई भरतायत, आणि माझ्या हाताखाली काहीतरी कट्‌कन मोडतं. मी थांबतो. "बरगडी जुळते नंतर! थांबू नकोस!" तुम्ही ओरडता. मग कधीतरी तात्यांचा गळा हलतो, आणि चुलता तुळशीचं पान मुठीत धरून हमसून रडायला लागतो.

जीपमधून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलंत. तिथं तात्या कित्येक महिन्यांनी माझ्याशी बोलले. "बरगडी मोडलीस की रं, गाढवा." तुम्ही हसलात. "शिव्या देतायत म्हणजे लई बरं चाललंय."

त्यांच्या जागी कॅन उचलायला मी लागलो. तात्या माझं लग्न, नातवंडं, सगळं बघून गेले. तुम्ही मात्र त्यांच्या कितीतरी आधी, बदलीच्या गावीच देवाघरी गेलात, आणि मला ते फार उशिरा कळलं. एवढी वर्षं मिळाली बापाची, साहेब. पोटभर मिळाली.

एक कबूल करतो. ताल चुकू नये म्हणून तुम्ही आकडे म्हणायला सांगितले होते. मी म्हटलेच नाहीत. दर दाबाला मनात तिचं नाव घेत होतो. ज्या नावानं मला जाळलं, ते त्या दिवशी तात्यांच्या कामी आलं. बायकोला हे सांगितलेलं नाही, अन्‌ ती आता अंगणातून हाक मारतेय. कागद इथंच तात्यांच्या फोटोमागं ठेवतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.